मुनीमबाईची ठेव

२ मे

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी बरी आहे. खुबा दुखतो, पण त्याच्यावर लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि तू अर्धंच सांगतोस.

तुझी लेक येत्या दहाला अठरा वर्षांची होते. मी एकदा तिच्याकडून सुट्टे उसने घेऊन विसरले होते, तेव्हा सात वर्षांच्या या बाईंनी महिनाभराने ते व्याजासकट मागितले. तेव्हापासून माझ्या लेखी ती मुनीमबाई. आता मुनीमबाईंना फिजिओथेरपीला प्रवेश मिळालाय आणि फी तीस जूनच्या आत भरायची आहे. पहिला रोगी म्हणून माझा खुबा मी आत्ताच राखून ठेवला आहे.

तेव्हा कामाचं बोलते. निवृत्त झाल्यावर मी तिच्या नावे जी मुदतठेव ठेवली, तिची मुदत तिच्या वाढदिवशीच संपते. कायद्याच्या भाषेत ती 'अज्ञान' होती आणि तू 'पालक', म्हणून सही तुझी. मला तेव्हाच हसू आलं होतं. आता तिला घेऊन बँकेत जा, पैसे तिच्या खात्यात वळते कर आणि पावतीची नक्कल मला पाठव. विमा कंपनीच्या दावे विभागात जन्म गेला, कागद पाहिल्याशिवाय जेवण पचत नाही.

एक मात्र कबूल करते. पोरीला पैशाची अक्कल तू दिलीस. बिस्किटांच्या डब्यातली ती तुमची घरची बँक, दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर व्याज वाटणारा तू, कर्जासाठी लेकीसमोर स्टुलावर बसणारी वहिनी. कर्ज मागणाऱ्याने समोर बसून कारण खरं सांगायचं आणि खरं सांगितलं तर बँकेने नकार द्यायचा नाही, हा नियम मला तेव्हाही पटला नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटातल्या गणिताच्या सिस्टर खरं बोलणाऱ्यालाही शून्य द्यायच्या. पण वहिनीने खरं सांगून पर्ससाठी कर्ज काढलं, तेव्हा मीही हसलेच होते.

वहिनीला आशीर्वाद सांग. लोभ असू दे, आणि सोबत पावतीही.

तुझी ताई

११ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं, आनंद झाला. लेकीचा वाढदिवस छान झाला. तू पाठवलेली भेट तिला फार आवडली. इकडे उकाडा भयंकर आहे. दुकानात पंखा फिरतो, पण गरमच हवा अंगावर टाकतो. चष्म्याचा धंदा सध्या जरा मंद आहे. लोक हल्ली काचांवर ओरखडे पडले तरी त्याच वापरतात. खुब्याला शेकत जा. जिने चढू नकोस.

बँकेचं म्हणशील तर तिथले साहेब रजेवर आहेत. ते आले की बघतोच. काळजी करू नकोस.

तुझा आशीर्वाद पाठीशी असावा, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

१६ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज 'उत्तम' लिहीत नाही.

तीस वर्षं मी दाव्यांचे अर्ज वाचले. ज्याचं गोदाम खरंच जळालेलं असतं, तो पहिल्या ओळीत लिहितो की गोदाम जळालं. ज्याने स्वतः काडी लावलेली असते, तो आधी हवामानावर लिहितो. तुझ्या पत्रात उकाडा आहे, पंखा आहे, माझे जिने आहेत. ठेव शेवटच्या ओळीत आली, तीही रजेवर गेलेल्या साहेबांच्या पाठीमागे लपून.

मुदत संपलेली ठेव द्यायला साहेब लागत नाही, खिडकीवरची मुलगीही देते. पैसे कुठे आहेत? एका ओळीत लिही. दोन ओळी झाल्या तर मी समजायचं ते समजेन.

ताई

२४ मे

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र बाबांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस तोच शर्ट घातला. तिसऱ्या दिवशी धुवायला टाकताना ते माझ्या हाती आलं. ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

ठेव नाही, आत्या. दोन वर्षांपूर्वी मोडली. पण बाबांनी चोरून मोडली असं समजू नकोस. मला विचारून मोडली.

शनिवार होता. आई तिच्या बालवाडीच्या बैठकीला गेली होती. बाबांनी डबा काढला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, आज हे गंमत म्हणून कर्ज मागणार. ते म्हणाले की दुकानाचं भाडं थकलंय, समोरच्या मोठ्या दुकानात काचांवर फ्रेम फुकट मिळते, आणि काचवाल्याने उधारी बंद केली आहे. माझी ठेव मोडली तर दुकान वाचेल, कदाचित. परत कधी देणार, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही. देता येतील की नाही, तेही माहीत नाही. हे सगळं खरं होतं, आत्या. त्यांचा चेहराच सांगत होता.

मी मंजूर म्हटलं. त्या क्षणी मला खूप मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले, बँकेच्या साहेबाचे मानावेत तसे. मग म्हणाले, आईला आत्ता सांगू नकोस, तिला झोप लागणार नाही. तेव्हापासून मला लागत नाही.

बाबांवर रागावू नकोस. मी हो म्हटलं होतं.

तुझा लोभ कमी होऊ नये ही विनंती.

तुझी भाची

२९ मे

धाकट्यास,

पोरीचं पत्र आलं. तिने शेवटी लिहिलंय की बाबांवर रागावू नकोस. त्या एका ओळीसाठी मी तुला माफ करणार नाही.

पालक म्हणून तुझी एकट्याची सही पुरत होती. बँकेला तिचं हो नको होतं, कायद्याला नको होतं. ते फक्त तुला हवं होतं, रात्री डोळा लागावा म्हणून. सोळा वर्षांच्या लेकीसमोर बाप स्टुलावर बसून सांगतो की मी बुडतोय, आणि आपण म्हणायचं की तिला विचारलं होतं! कोणती मुलगी नाही म्हणेल? तू तिला विचारलं नाहीस. तू तिला बांधलंस.

चोरून घेतले असतेस तर परवडलं असतं. पैसे तेवढेच गेले असते, पण आज ती तुझ्यावर ओरडू शकली असती. दार आपटून माझ्याकडे निघून आली असती. तो हक्कही तू मोडून खाल्लास, आणि वर तिला आईपासून लपवायला शिकवलंस. पैशाची अक्कल म्हणून तू हे शिकवलंस होय? मी मूर्ख, चार लोकांत कौतुक सांगत सुटले होते.

वहिनीला आजच्या आज सांग. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन, आणि मला कसं बोलता येतं ते तुला माहीत आहे.

ताई

६ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. अजूनही बोलत नाही. सकाळी उठते, बालवाडीत जाते, येते, स्वयंपाक करते. तू आली असतीस तर बरं झालं असतं असं वाटतं. निदान घरात आवाज झाला असता.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. फक्त एक सांगतो. तुला दर महिन्याला पगार होता, आता पेन्शन आहे. सकाळी दुकान उघडायचं, काचा पुसायच्या आणि समोरच्या दुकानात शिरणारी माणसं मोजत बसायचं, हे तू कधी केलं नाहीस. बापाच्या वेळेपासून चालत आलेलं दुकान माझ्या हातून बंद होऊ नये, एवढंच मला दिसत होतं. जवळचं दिसेनासं झालं होतं. लोकांना नंबर काढून देणारा मी.

लेकीला दर शनिवारी हप्ता द्यायला सुरुवात केली आहे. थोडाच आहे, पण चुकवणार नाही.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा धाकटा

१२ जून

चि. मुनीमबाईंस,

अनेक आशीर्वाद. वडिलांशी माझं जे काही आहे ते माझं नि त्यांचं. तू त्यात पडू नकोस.

माझ्याकडे खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे बाजूला काढलेले आहेत. ते घे आणि फी भर. खुबा इतकी वर्षं कुरकुरतोय, आणखी चार वर्षं कुरकुरेल. नाही तरी त्याला तूच बरं करणार आहेस. खाते क्रमांक कळव. उगाच आढेवेढे घेऊ नकोस, मला ते आवडत नाहीत.

तुझ्यावर माझा जीव आहे, हे या वयात लिहून द्यावं लागतंय.

तुझी आत्या

२ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. उत्तर मुद्दाम उशिरा लिहिते आहे, म्हणजे तुला पैसे पाठवता येऊ नयेत. फीची तारीख परवा गेली. माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

शैक्षणिक कर्जासाठी मी बँकेत गेले होते. पालक जामीन लागतो. खिडकीवरच्या बाईंनी बाबांचं नाव संगणकात घातलं, त्यांची थकलेली कर्जं वाचली आणि पडदा हळूच दुसरीकडे वळवला. फार चांगल्या होत्या. पाणी प्याल का म्हणाल्या.

तुझा खुबा मी कसा घेणार, आत्या? बाबांनी माझं भविष्य घेतलं, मी तुझे पाय घेऊ?

आता मी दुकानात बसते. फ्रेम पुसते, स्क्रू घट्ट करते, नंबर लिहून घेते. बाबा दर शनिवारी मला हप्ता देतात. नोटा सरळ करून, दोन्ही हातांनी देतात. मी घेते. सोमवारी सकाळी ते काचा आणायला गेले की तेच पैसे गल्ल्यात परत ठेवते, कारण नाही तर गिऱ्हाइकाला द्यायला सुट्टे नसतात. त्यांना हे माहीत असावं. रात्री गल्ला मोजतात तेव्हा ते वर बघत नाहीत.

तू रागावशील, पण लिहिते. तुम्ही मला व्याज शिकवलंत, मुदत शिकवलीत, गरज कोणती नि हौस कोणती ते शिकवलंत. नाही म्हणायला कुणीच शिकवलं नाही. तूसुद्धा नाही.

लोभ असावा, असं या वेळी भीत भीत लिहिते.

तुझी भाची

९ जुलै

चि. भाचीस,

आशीर्वाद. रागावले नाही. पत्र चार वेळा वाचलं.

दुकान तुझ्या पैशांवर उघडं आहे, हे तुलाही कळतं आणि त्यालाही. तो शनिवारी बाप होतो, सोमवारी पुन्हा कर्जदार. असं तू किती वर्षं चालवशील? तुझ्या हातात राहील फक्त स्क्रू घट्ट करायचा पेचकस, आणि पुढे एक दिवस त्याच्यावर इतकी चिडशील की त्याच्या आजारपणातही खोलीत जाववणार नाही. मी अशा मुली पाहिल्या आहेत. म्हाताऱ्या होऊन मेल्या, पण तो राग काही गेला नाही.

या शनिवारी घेतलेले पैसे परत ठेवू नकोस. दुकान बंद पडलं तर पडू दे. ते त्याचं दुकान आहे, तुझं नव्हे. पुढच्या वर्षी प्रवेशाची परीक्षा पुन्हा दे.

सोपं आहे म्हणून सांगत नाही. मला स्वतःला ते जमलं असतं की नाही, देव जाणे.

तुझी आत्या

२० जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसं केलं.

सोमवारी बाबा काचा घेऊन परतल्यावर आलेलं पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारे गृहस्थ होते, चष्म्याची दोरी घ्यायला आलेले. त्यांनी मोठी नोट दिली. बाबांनी गल्ला उघडला, आत काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही. ते बघतच राहिले. त्या गृहस्थांना वाटलं असेल, सुट्टे कुणाकडे आहेत ते आम्ही आठवतोय. मग बाबांनी हळूच विचारलं की तुझ्याकडे आहेत का.

पैसे माझ्या पर्समध्ये होते, आणि पर्स टेबलावरच होती.

मी म्हटलं, "आहेत. पण देणार नाही."

त्यांनी दोरी त्या गृहस्थांना तशीच देऊन टाकली. ते गेल्यावर बाबांनी डोळे तपासायच्या तक्त्यावरचा दिवा मालवला, फ्रेमची कपाटं एकेक करून कुलूपबंद केली, पाटी आत आणली. बाहेर जाऊन त्यांनी शटरला हात घातला. ते जुनं आहे, गंजलंय, एकट्याने खाली येत नाही. थोडा वेळ त्यांनी ओढून पाहिलं.

मग त्यांनी मला हाक मारली. मी बाहेर गेले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते ओढलं.

घरी आलो तेव्हा आई बालवाडीतून आली होती. तिने किती वाजले विचारलं. दीड महिन्यानंतर ती पहिल्यांदा बोलली. बाबांनी वेळ सांगितली.

तुझा लोभ आहे, ते ठाऊक आहे. बाबांचा आहे की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

तुझी भाची