डब्यावर लिवलेली सुकट

१२ जाने. ९८, सोम.

हो हो, सापडल्या. दोनी हायेत. आता तिकडं वर बसून माज्या नावानं बोटं मोडू नका, हिनं हरवल्या म्हनून.

सातपाटीला गेलते, गनपाभावजींकडं. तुमच्या भावानं माळा उपसायला काढलाय, कौलं बदलतायत. जाऊ वरून बिस्किटाचा डबा घेऊन उतरली, नाक दाबून. हिरा ती, तिचं नाक आधीच एवढंसं. म्हनते, "वयनी, ही तुजी सुकट. दादा गेले तवाच्या सामानातली. उघडू नको गो, मांजर पन मरंल." डब्यावर तुमचं अक्षर. तेलरंगानं, मोठ्ठं. सुकट. मासळीवाल्यांचं घर, नि इतकी वर्सं कोनी हात लावला नाय. जुनी सुकट कोन उघडतो.

मी उघडला. आत दोन क्यासेटी, तुमच्या लुंगीत गुंडाळलेल्या. हिरा बघतच ऱ्हायली. मी जी हसायला लागले ती येष्टीत पन हसतेच. बाजूची बाई सरकून बसली.

१३ जाने.

रेखाला पैल्यापासून सांगावं लागलं. तुमची लेक कालेजात जाते पालघरला, पन ह्यातलं तिला काय ठाऊक असनार. कुंभवलीची भाड्याची खोली. तुमची कारखान्यातली पाळी. नि पाळी नसली की दिवेलागनीला रेडिओ. कपडे वाळायच्या तारेला वायर बांधायची, मग विलायतेचं स्टेशन खरखरत यायचं. एक झोपाळू मास्तर बोलायचा. आपल्याकडं रेडिओवर भजनी मंडळं बोलवतात ना, तशी तो पोरांची मंडळं बोलवायचा. वाजवा म्हनायचा इथंच. नि ती पोरं काय वाजवायची. पत्रा घासल्यासारखं. बोटीचं इंजिन सुरू व्हता व्हता बंद पडतं, तसं. तुमी ताटावर बोटानं ताल धरायचे. म्हनायचे, माज्या मशीनचा खट्ट हाय बघ ह्यात, बरोबर तिथंच पडतो.

रेखा म्हनते, "आणि सुकट कुठून आली?"

त्यातलाच एक पोरगा ओरडायचा, सुकाट, सुकाट. इंग्रजीत काय असंल ते असो. मी सातपाटीची, मला सुकटच ऐकू आली. बोलले, ह्या गोऱ्याची सुकट खपत नाय वाटतं, बसवा त्याला बाजारात माज्या आयशीच्या बाजूला. तुमी लोळलात हसून. त्या दिवसापासनं ते गानं सुकट. मग त्या मास्तरचं सगळंच सुकट. तुमी दारातूनच विचारायचे, आज सुकट हाय काय. शेजारीन वाटी घेऊन यायची.

पोरगी हसली. मग म्हनते, "आई, बाबा बोलतात का त्यात?"

काविळीनं तुमी गेलात तवा ती तीन वर्सांची. तिला काय आठवत नाय. फोटो हाय तेवढाच बाप.

बोलले, गप बसनारा मानूस नव्हता तो. रेडिओसमोर टेप ठेवून भरायचा. घरातलं सगळं त्यात जायचं, माजा स्टोव्ह पन.

"कसा होता आवाज?"

"घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. भरीव." हे मी तिला लहानपनापासून सांगते.

१५ जाने.

लिवायचं मन नाय. पन लिवते.

क्यासेटींवर पांढरी बुरशी. मला काय वाटलं, सुकटच ना ती, सुकवावी. एक ठेवली पत्र्यावर उन्हात, नि बाजारात गेले सुकी मासळी विकायला. दुसरी लुंगीतच ऱ्हायली, विसरले म्हनून. आले तर पत्र्यावरची पापडासारखी वाकलेली. वर एक कावळा बसला व्हता, वास बघत.

रेखा किंचाळली नाय. किंचाळली असती तर बरं. ती वाकलेली घेतली नि दोनी हातांनी सरळ करत बसली. जेवली नाय.

तुमी काय बोलला असता मला ठाऊक हाय. तर नका बोलू.

१७ जाने., शनि.

रेखा बोलायला लागली. मी विचारलं, कालवन कसं झालंय. तर म्हनते, "उन्हात ठेव, मग सांगते." माजीच पोर.

दुसऱ्या क्यासेटीची तिनं बुरशी काढली कापसानं. पेन घालून हळूहळू फिरवते, बाळाला तेल लावावं तसं. आपला टेप गिळतो फिती, म्हनून बोईसरच्या मैत्रिनीचा आनलाय. उद्या लावनार. एकच ऱ्हायली. ही पन गेली तर पोरीला मी काय देऊ.

मला म्हनते, घाबरलीस का? बोलले, मी कशाला घाबरू, तुजा बाप माज्या सयपाकाला काय नावं ठेवतो तेवढंच ऐकायचं बाकी हाय.

१८ जाने., रवि.

लागली.

आधी नुसतं पावसात चालल्यासारखं खरखर. मग तो झोपाळू मास्तर. अजून झोपाळूच. मला इतका आनंद झाला, गावचं मानूस भेटावं तसा. मग ती पोरं सुरू झाली. रेखा म्हनते, "आई, हे काय, मिक्सर बिघडलाय?" मी पन तवा असंच काय तरी बोललेले, म्हनून हसायला आलं. आन मग काय झालं सांगू. माजं बोट चाललं. मांडीवर. तुमचा तो खट्ट जिथं पडतो तिथंच पडलं.

मधीच एक पोरगी हसते. खीं खीं खीं, बांगड्या वाजवत. अंगात आल्यासारखी हसते. मला एकदम कसंतरी झालं. बोलले, "ही कोन सटवी? माज्या घरात?"

रेखा माज्याकडं बघते. "आई, तू आहेस ती."

मग त्या हसन्यावर एक गडी बोलतो. एवढंच. "गप गो, सुकट आली." नि लगेच तो गोरा ओरडायला लागला, सुकाट, सुकाट.

रेखानं मागं घेतलं. परत. परत. मी चहा ठेवायला उठले. तिनं टेपला कान लावला व्हता, नि रडत व्हती नि हसत व्हती. म्हनाली, "घागर कुठाय गं ह्यात? बारीक आहे की आवाज."

"जुनी टेप हाय. टेपमंदी बारीकच येतो."

"हो ना?"

"हो."

२० जाने.

भावजी आले बोंबील घेऊन. रेखानं बसवलंच त्यांना ऐकायला. ऐकून डोकं खाजवतात. "हा दादा का मी?"

रेखाचं तोंड उतरलं.

"अगो, रयवारी मी पन असायचो ना तिथं. नि आमचा आवाज सारखाच म्हनायचे. आई पन फसायची."

रेखा काय कमी नाय. "काका, तुम्ही वहिनीला 'गप गो' म्हणाल?"

"वयनी ती आईसमोर. एका बाकावर सातवी केली हिनं नि मी. कमळे, गप गो, हेच म्हनायचो मी हिला. अजून पन म्हनीन. गप गो कमळे."

बोलून बघितलं त्यांनी. रेखा डोळं मिटून ऐकत व्हती. मी बशी आदळली. "चहा पिवा भावजी. तुमी रयवारी जेवायला यायचात, रेडिओ ऐकायला नाय. तोंडात माजी भाकर, बोलनार कुठनं."

ते हसले. पन जाताना दारात हळूच बोलले, "दादाच असंल. मला काय आठवत नाय आता."

ते गेल्यावर रेखा माज्यासमोर बसली. "आई, तू सांग. तुला कळणारच."

बोलले, "तुजा बाप. शंभर टक्के."

२२ जाने.

पोरगी घरभर म्हनत फिरते, गप गो, सुकट आली. बारीक आवाज काढून. दूध उतू गेलं तरी तेच. मैत्रिनींना ऐकवायला क्यासेट नेनार व्हती, मीच नको बोलले. मग म्हनते, दुसरी भरून घेऊ, एक तुला एक मला. माज्या लग्नात लावू. बोलले, लाव, नवरा पळून जाईल.

इतकी खूश मी तिला बघितली नाय.

२४ जाने., शनि.

रेखा कालेजात. आज बाजारात गेले नाय. एकटीनं लावली.

झोपाळू मास्तर पैल्याच शब्दाला ओळखला. ती पोरं ओळखली. स्टोव्ह आपला, पंप मारताना करकरतो तो. पाठीमागं कुत्रा भुंकतो ना, तो मालकिनीचा काळू. बांगड्या माज्या, लग्नातल्या. ती सटवी पन आता ओळखीची झाली, बरी हाय पोर, हसते छान.

मग तुमी. गप गो.

मागं घेतलं. डोळं मिटून ऐकलं. पदर तोंडावर घेऊन ऐकलं, तुमी बाजूला असल्यासारखं. घागर आठवून बघितली. ती घागर पन खरी व्हती, का पोरीला सांगता सांगता मीच बनवली, कोन जानं.

रेखाला शंभर टक्के बोलले, ते तसंच ऱ्हाऊ दे. पन तुमाशी लपवून काय करू.

मला तुमचा आवाज ओळखू आला नाय.