ओल्या सुताचा रंग

३ फेब्रुवारी, सोमवार
सिद्धेश्वरीने ओढणीवर पाणी सांडलं. ही माझी नात, नववीत आहे. म्हणाली, "अज्जा, पाण्याला रंग नसतो, मग ओला भाग गडद का दिसतो?" दिसतो एवढंच मला ठाऊक! तीस वर्षं चादरींच्या कारखान्यात सूत रंगवलं, पण चौथी शिकलेला माणूस कारण कुणाला विचारणार? तिनेच शोधून सांगितलं. हवेतून धाग्यात शिरताना उजेड जास्त वळतो, बराचसा बाहेर फेकला जातो. मध्ये पाणी असलं की कमी वळतो, आत खोल मुरतो, परत कमी येतो. म्हणून गडद.
जेवण गेलं नाही. ओलं सूत म्हटलं की कारखान्यातला धुळाप्पा आठवतो.

४ फेब्रुवारी
जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये ना वाफ, ना रंगाचा वास. रंगखान्यात काय मजा होती! लडीचं टोक पिळायचं, भट्टीच्या पत्र्यावर सुकवायचं, मगच नमुन्याशी रंग जुळवायचा. ओल्यावर होकार द्यायचा नाही, ही रीत. टोक सुकलं का, ते धुळाप्पा गालाला लावून बघायचा. रंगलेला गाल घेऊनच घरी जायचा. त्याची बायको शांतम्मा म्हणायची, "नवरा केलाय का चादर!"

६ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. चौऱ्याऐंशी साल. लाल रंगाची मोठी ऑर्डर. मी मिस्त्री, धुळाप्पा माझ्या हाताखाली. घाईत मी ओल्या लडीवरच "बरोबर आहे" म्हणालो. वाळल्यावर सगळं सूत फिकं! मालक ओरडले आणि मी बोट दाखवलं — यानेच रंग कमी टाकला. त्याच दिवशी त्याला काढलं. तो मुकाट्याने आपल्या गावी, होटगीला निघून गेला. मी पुन्हा तोंड दाखवलं नाही.
आज नवी पेठेत होटगीचा एकजण भेटला. म्हणाला, धुळाप्पा रविवारी मुलाकडे पुण्याला चाललाय, कायमचा.
त्याआधी सांगायला हवं. पण त्याने ओळखलंच नाही तर? आणि ओळखलं तर?

७ फेब्रुवारी
गेलो नाही. घरात सांगितलं, गुडघा दुखतोय. खोटं!

८ फेब्रुवारी, शनिवार
होटगीला जाऊन आलो. सगळं कबूल केलं. बोलता बोलता रडलो. धुळाप्पाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाला, "वाळल्यावर फिकं हुणार, ते मला तवाच कळलं हुतं की. बोललो न्हाई. लई मिस्त्रीपणा करत हुतास — म्हटलं, जिरू दे ह्याची!"