नाणेल गावाची माहिती

प्रिय सृष्टी,

तुझा मेसेज चार दिवसांनी पोचला. वाऱ्यानं टॉवर बंद पडला होता. "ताई, नागपंचमी झाली की आबा सुपारी फोडायला येणार. त्याआधी तुमच्या नाणेलची नीट माहिती पाठव, भूगोल आणि इतिहास दोन्ही." वाचून मला हसूच आलं. नवरा मुलगा कसा आहे ते राहिलं बाजूला, ही बया गाव विचारतेय! बी.ए.ला भूगोल घेतल्याचं सार्थक झालं म्हणायचं. घरात फोन एकच, तो सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून कागदावर लिहितेय. उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं देईन, तो पाटणच्या पोस्टात टाकेल.

तर आधी भूगोल. पाटणहून दोन तास वर चढत आलं की डोंगराच्या अगदी कडेला नाणेल. एक बाजारपेठ, एक शाळा, दोनेकशे घरं. देवळामागं चार पावलं गेलं की जमीनच संपते, खाली सगळं कोकण. समुद्राकडून आलेला ढग पहिल्यांदा आमच्याच कौलांवर आपटतो. आपल्या आटपाडीला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस इथं चार दिवसांत पडतो, आणि असे चार महिने. गावाला चारी बाजूंनी रान. जांभूळ, हिरडा, अंजनी, खाली कारवी, सगळं एकमेकांत असं गुंतलेलं की भर दुपारीही आत उजेड नाही. पायाला जळवा चिकटतात, त्यांचं आता मला काही वाटत नाही. पहिल्या वर्षी मात्र मी अंगणात उभी राहून बोंब मारली होती आणि अख्खी आळी गोळा झाली होती.

तुम्ही सगळे आलात ते मार्गशीर्षात. तेव्हा ऊन होतं, धबधबे होते, तू पन्नास फोटो काढलेस. ज्याला त्याला गाव मार्गशीर्षातच दाखवावं असं आहे इथलं. वैशाखात काय करतात ते तू पाहिलं नाहीस. भिंती मातीच्या, पावसाच्या माऱ्यानं विरघळतील, म्हणून गवताच्या जाड ताट्या विणून घराला बाहेरून बांधतात. त्यांना झडी म्हणतात. खिडक्यासुद्धा त्यात झाकल्या जातात. दार तेवढं उरतं, त्यावरही पोत्याचा पडदा. एकदा झडी बांधल्या की त्या दसऱ्यालाच सुटायच्या. आता दुपारचे बारा वाजलेत आणि मी बल्ब लावून लिहितेय. लाइट गेली की चुलीपाशी जाऊन लिहीन. कपडे वाळत नाहीत, मीठ वाळत नाही, गादीला बुरशीचा वास येतो. आपल्या माळावर आबांच्या मेंढरांचा धुरळा कोसभरावरून दिसायचा आणि आपण भाकरी टाकायला घ्यायचो, आठवतं? गेल्या अडीच महिन्यांत मला अंगणातल्या फणसापलीकडचं काही दिसलेलं नाही. धुकं आलं की फणसही दिसत नाही.

आता इतिहास. पूर्वी कोकणातून मीठ घेऊन येणारे बैलांचे तांडे इथं मुक्कामाला थांबायचे, त्यांच्यामुळं बाजारपेठ झाली. मग धरणाचं काम निघालं आणि देशभरातून मजूर आले. त्यातच आमच्या घरचे ज्ञानूआजा, तुझ्या दाजींचे आजोबा. आटपाडीकडं दुष्काळ होता, म्हणून दोन वर्षांसाठी आले. काम संपलं तरी गेले नाहीत. वाहतं पाणी सोडून परत कोरड्या विहिरीपाशी जायचं त्यांच्या जिवावर आलं. सदुसष्टच्या भूकंपात घर पडलं, तरी त्यांनी त्याच जागी पुन्हा बांधलं. पुढं रान राखीव झालं, आसपासच्या वाड्या उठल्या, तरणी माणसं पुण्याला गेली. उरली ती म्हातारी, आणि त्यांना सांभाळायला ठेवलेल्या सुना. पुस्तकात हे सापडायचं नाही, पण इतिहास म्हणून लिहून ठेव.

आबांनी माझी सोयरीक कशी ठरवली ते तुला ठाऊक आहे. घराच्या मागं झरा पाहिला, ओंजळीनं तीनदा पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरी, हितं तुला हंडा डोक्यावर घ्यायला लागायचा न्हाई. लय भाग्याची हायस." दुसरं काही विचारलंच नाही. माणसं किती, रस्ता किती महिने चालू, काही नाही. मीही नाही विचारलं. टँकरच्या रांगेत वाढलेल्या मुलीला पाणी पाहिलं की बाकीचं सुचत नाही. आता तुझ्यासाठीही ते त्याच झऱ्यावर खूश होऊन बसलेत.

दीर म्हणून विश्वजितबद्दल वाईट लिहायला मला काही सापडत नाही. सरळ आहे, लाजरा आहे, जंगल खात्यात रोजंदारीवर जातो. तुझे दाजीही वाईट नाहीत, पण फौजेतला माणूस वर्षातून दीड महिना घरी. बाकी साडेदहा महिने दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांची डावी बाजू गेली त्याला तीन वर्षं झाली. उठवायचं, पुसायचं, भरवायचं, रात्री दोनदा कूस बदलायची. सासूबाई मनानं वाईट नाहीत गं, भीतीनं धरून ठेवतात. मी झऱ्यावर गेले तरी हाका सुरू होतात. तीन नागपंचम्या मी माहेरी आले नाही, तेव्हा दरड कोसळली, एसटी बंद आहे, असं कळवत राहिले. दरड एकदाच कोसळली होती. एरवी त्या मला सोडतच नव्हत्या. तुला मी स्टेटसवर धबधबे दाखवत राहिले, कारण दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं.

आता खरं लिहिते. माघात तुझ्या दाजींना जबलपूरला क्वार्टर मंजूर झालं. दोन खोल्या, मोठी खिडकी, बायकोला घेऊन या असा कागदच आला. मी सासूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "धाकटी सून उंबऱ्याच्या आत आल्याबिगर थोरलीनं उंबरा सोडायचा न्हाई." त्या घटकेला माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. आबांना वाटतं, स्थळ सासूबाईंनी काढलं. तुला वाटतं, ताईला सोबत हवी म्हणून ताई खूश आहे. सृष्टी, सोबत नको होती मला. तू आलीस की आठ दिवसांत मी जबलपूरला जाणार होते. पेटी भरून माळ्यावर ठेवलीय. तुझ्या मेसेजमध्ये शेवटी होतं, "तू आहेस ना तिथं, मग मला कसली भीती?" ते वाचलं आणि हा कागद घेतला. क्वार्टर या मार्गशीर्षापर्यंतच राखून ठेवलंय, नंतर दुसऱ्याला जाईल. जाऊ दे. तू नाही म्हण. आबा रागावतील, पाण्याचं सांगतील, तरी नाही म्हण. कारण विचारलं तर हे पत्र त्यांच्या हातात दे, माझी लाज राखू नकोस. आणि या सुट्टीत तुझे दाजी आले की मी भरलेली पेटी का रिकामी केली म्हणून विचारतील, त्यांना काय सांगायचं तेवढं मला अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
राजेश्वरीताई