पाइप शाबूत आहेत, ताई

मानियोटोटो, ९ जुलै

ती. एलस्पेथताईस, ड्युगल्डचा गारठलेल्या बोटांनी साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ब्रूसभाऊजींचा खोकला? इथे सगळं ठीक, आणि तुझ्या सुट्टीच्या घराचे पाइप शाबूत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

गेल्या हिवाळ्यात माझ्या घरचा पाइप फुटून छत पियानोवर आलं, तेव्हा तू म्हणालीस, "आईबाबांच्या मागे एवढं एकच घर उरलंय. तिथे असलं काही झालं, तर किल्ली शेजारच्या विनीकडे!" विनीकडे! (तीस वर्षं पोस्टात होती, अजूनही माझ्याकडे तिकीट न लावलेल्या पाकिटासारखं बघते.) म्हणून यंदा मी वेळेवर मेन कॉक बंद करून पाइप रिकामे करायला गेलो. कॉक फिरवला, तर दांडाच हातात आला. प्लंबर मॉरिस म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." जुलैची थंडी कसली थांबतेय? दुसऱ्याच दिवशी उणे बारा.

वाहतं पाणी लवकर गोठत नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. तेव्हा घरातले सगळे नळ करंगळीएवढे सोडले, खालच्या पाइपांना मेंढीची लोकर गुंडाळली (कमी पडली तिथे तुझी ती निळी शाल), आणि वर जास्तीचा शहाणपणा म्हणून जाताजाता बागेतलाही नळ सोडला. मग रस्ते बंद, मी फार्मवर अडकलेला, चार दिवस जीव टांगणीला. पाचव्या दिवशी पोचतो तर तुझ्या फाटकाशी ही गर्दी! म्हटलं, गेलं घर.

फुटलं काहीच नव्हतं. बागेतल्या नळाने तुझ्या अंगणावर बर्फाचे थरावर थर चढवले होते, आणि धरणावरचा बर्फ यंदा पातळ म्हणून बर्फावर दगड घसरवणारा अख्खा कर्लिंग क्लब आपापले दगड नि झाडू घेऊन तिथेच खेळत होता. क्लबाचे अध्यक्ष कॅलम, त्यांनी चक्क टोपी काढली. "ड्युगल्ड, जन्मात एक काम धड केलं नाहीस, आणि बर्फ मात्र एवढा सपाट?" मॉरिसही तिथेच! डाव सोडून येईना. शेवटी त्याच्या दगडावरच ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे हे महाशय स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरले (दारातून का नाही, ते पुढे), नवा कॉक बसवला, पाइप रिकामे केले. कुठे टिपूस गळत नाही. ताई, खरं सांगतो, तुझ्या टबाच्या काठावर बसून मी ढसाढसा रडलो.

तेव्हा किल्ली माझ्याकडेच राहू दे, एवढी विनंती.

तुझा धाकटा,
ड्युगल्ड

ता.क. तुझे गुलाब बर्फातून स्वच्छ दिसतात. तब्येत बरी वाटते.

ता.क. २. या शनिवारी येऊ नकोस. फायनल आहे.

ता.क. ३. तुझ्याकडची दुसरी किल्ली उलट टपाली पाठव. माझी बागेतला नळ सोडताना खिशातून पडली. हरवलेली नाही हं. वीतभर बर्फाखाली आहे. विनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवते.