डोक्यावरचं तेल

वाकोला, १० मार्च १९८८

ती. सासूबाई,

इथूनच पाया पडते. यांची तब्येत ठीक आहे. घोरण्याची तपासणी म्हणून परवा रात्रभर इस्पितळात झोपवलं. झोप चांगली लागावी म्हणून तुम्ही पाठवलेलं तेल मीच यांच्या डोक्यावर चोपडून पाठवलं, तर डोक्याला चिकटवायच्या वायरी टिकेचनात! डॉक्टर माझ्यावर खेकसले. सोमवारी पुन्हा जायचंय. मशीनवर डुलकी लागते म्हणून कंपनीने रिपोर्ट येईपर्यंत यांना गेटवर बसवलंय. पण काळजी करू नका.

कलमांना कैऱ्या धरल्या का?

एक विचारते. मामंजी झोपेतच गेले ना? त्यांचंही घोरणं असं मधेच थांबायचं का? उत्तर शेजारच्या शकूच्या पत्त्यावर पाठवा. आमच्याकडे पत्र हेच उघडतात.

तुमची सून,
वनमाला