उखाण्यात सासूचं नाव

घोंगडी कॅफे, जालना रोड, औरंगाबाद
मंगळवार, १४ मे २०१९

ती. आत्याबाई यांना,
सून रत्नमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची, भाऊजींची आणि शेळ्यांची खुशाली कळवावी. करमाडकडं टँकर दिवसाआड येतो असं ऐकलं. आमचा नळ पाचव्या दिवशी येतो, तोही करंगळीएवढा, त्यामुळं हॉटेलात स्टीलची ताटं बंद करून पत्रावळी सुरू केल्या. गिऱ्हाईकं त्या पत्रावळींचेच फोटो काढतात! समोर बारा मजली इमारत उठते आहे. तिच्या पाटीवर पोहायचा निळाशार तलाव रंगवलाय. पाणी कुठून आणणार, ते पाटीवर नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की फोन केला तर माझा आवाज ऐकताच तुम्ही तो शेळीच्या कानाला लावता, असं भाऊजींची मोनिका सांगत होती. शेळीशी बोलून आनंद झाला, पण मला तुमच्याशी बोलायचंय. मोनिका, आजी उठून गोठ्यात गेली तर तूही मागं जा आणि मोठ्यानं वाच. एक ओळ गाळू नकोस.

धंदा जोरात आहे. धपाट्याचा पिझ्झा मुलांना आवडतो, पण लोक येतात ते येसर मॅकरोनीसाठी, भाजणीच्या त्या झणझणीत रश्श्यासाठी. जेवायला आलेल्या त्या मुलीनं मोबाईलवर केलेला व्हिडिओ गावभर फिरला आणि रविवारी दाराबाहेर रांग लागायला लागली. सगळे विचारतात, आत्याबाई कुठं आहेत? मी सांगत आले, मॅकरोनीत येसर घातलेली त्यांना आवडली नाही, जुन्या वळणाच्या आहेत.

परवा रविवारी पैठणचे पाहुणे केळवण करायला आले होते. नवरीसह चाळीस माणसं! शेंद्र्याच्या कंपनीतली पोरं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, सगळे एका पंगतीला. म्हाताऱ्यांनी मॅकरोनी आधी बोटानं ढकलून पाहिली, मग येसरीचा वास आला आणि भुरके सुरू झाले. तेवढ्यात नवरीला उखाण्याचा आग्रह झाला. ती लाजून मान वर करीना. तिची आजी चतुराबाई मला म्हणाली, "आधी तू घे गं मालकीणबाई. म्हंजी पोरीची भीड मोडंल."

मालकीणबाई. ते ऐकलं आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

आत्याबाई, आता खरं लिहिते. त्या व्हिडिओवालीनं विचारलं होतं, "ही रेसिपी कोणाची?" आणि मी म्हणाले, "सगळं माझंच." तुम्ही मागं गरम पातेलं घेऊन उभ्या होतात. मोनिका सुट्टीत आली होती तेव्हा तिची उरलेली मॅकरोनी येसरीत टाकून तिला भरवली ती तुम्ही. भाजणी तुमची, युक्तीही तुमची. तुम्ही पातेलं खाली ठेवलं, आणि सकाळी तुमच्या चिरंजीवांना म्हणालात, "मला करमाडच्या गाडीत बसवून दे. तिथं भाकरीला कुणाचं नाव लागत नाय."

चार महिने मी मनाशी घोकलं, की आपल्यात सून सासूचं नाव घेत नाही, मग मी सांगणार तरी काय? रेशनच्या ऑफिसात तुमचं नाव विचारलं तेव्हाही मी शेजारच्या गीताबाईला सांगायला लावलं होतं. पण रीत पाळायची तर "माझ्या सासूची" एवढं म्हणता आलं असतं. रीत आडवी आली नव्हती. मला एकटीला शाबासकी हवी होती. चोरी केली मी, आणि वर तुम्हाला जुन्या वळणाच्या ठरवलं. मला लाज वाटते.

तर पंगत थांबली होती. तुमचे चिरंजीव तव्याजवळ लाजून उभे, त्यांना वाटलं आता आपलं नाव येणार. मी पदर सावरला आणि म्हटलं,

"मॅकरोनी बाजारची, तिची कसली नवलाई?
येसर जिच्या हातची, ती माझी सासू बानाबाई!"

चतुराबाईंचा घास तोंडाशीच थांबला. "अगं, नवऱ्याचं घे म्हनलं मी. सासूचं कोन घेतं व्हय?"

"ही चव त्यांची हाय मावशी. मी लोकांना माझी म्हनून सांगितली."

"मग बोलव की तिला भाईर."

"रुसून गेल्यात. मीच घालवलं."

चाळीस माणसांसमोर बोलले, आत्याबाई. चतुराबाईंनी घास गिळला, पत्रावळ पुढं केली आणि म्हणाल्या, "लई उशीर केलास. वाढ आता, बानाबाईची वाढ!" मग काय, पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "बानाबाईची आणा", "इकडं बानाबाई" असा एकच गलका! कंपनीतली पोरं टाळ्या पिटत तुमच्या नावानं वाढून घेत होती. पातेलं पुसून खाल्लं. नवरीनं उखाणा घेतला तो कुणाला ऐकूही आला नाही बिचारीचा. तुमचे चिरंजीव डोळे पुसत होते आणि म्हणत होते, मिरची जास्त झाली.

जेवढी मी लग्नात मिरवले नव्हते तेवढी परवा तुमच्या नावानं मिरवले.

काल पेंटर आला. आपल्या हॉटेलच्या पाटीवर आता मोठ्या अक्षरात "बानाबाईची येसर मॅकरोनी" आहे. तुम्ही आलात तरी राहील, नाही आलात तरी राहील. पण या. राबायला बोलावत नाही. गल्ल्यापाशी खुर्ची टाकलीय, तिथं बसा आणि कोणी विचारलं की ही रेसिपी कोणाची, तर तुम्ही सांगा.

पाकिटावर तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहिलंय, पहिल्यांदाच. पोस्टमन दारात त्याच नावानं हाक मारील. ती माझीच हाक समजा, आणि ओ द्या.

तुमची सून,
रत्नमाला