स्वयंपाकघरात वाळणारी दुपटी

दहिसर

प्रिय आई,

तुझ्या पायांशी डोकं टेकते. इथे घरात फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून पत्र.

मी बरी आहे. काल बाळंतपणानंतरची तपासणी झाली. टाके सुकलेत, बीपी ठीक आहे. बाळ गुटगुटीत झालंय. तुझे डिंकाचे लाडू रोज खाते.

आपली कपिला व्याली का? वासराला जवळ घेते ना?

डॉक्टरबाईंनी मनाचंही विचारलं. रडू येतं का, नको ते विचार येतात का. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "छे हो, आमची श्रुतिका सदा हसतमुख!" मग मलाही हसावं लागलं.

त्या माझं खूप करतात गं. पण बाळाला घेऊन बाल्कनीत गेले की वाटतं, माझे हातच त्याला सोडून देतील. बारावा मजला आहे. हल्ली दुपटीसुद्धा मी स्वयंपाकघरातच वाळत घालते.

पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. तू ये ना. नातवाला बघायला आले म्हण. दवाखान्यात सासूबाईंना चहाला बाहेर ने, मला डॉक्टरबाईंशी एकटीला बोलू दे.

आणि बाळ तुझ्याकडेच ठेव.

तुझीच,
श्रुतिका